निवासी ट्रेलरास आस दोन की तीन?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुट्टीच्या प्रवासासाठी मोटारीच्या वा लहान ट्रकच्या मागे जोडून न्यावयाच्या फिरत्या घरांचा प्रघात १९३० च्या दशकापासून रूढ झालेला आहे. निजण्याची जागा, स्वयंपाकाचा ओटा, स्नानगृह, पाण्याच्या टाक्या व फर्निचर एवढा सारा संसार एका पोलादी सांगाड्यावर उभारलेला असतो. या घरास स्वतःचे इंजिन नसते. त्याच्या भाराचा काही अंश जोडणीतून ओढणाऱ्या वाहनावर पडतो आणि उरलेला सर्व भार ट्रेलरची चाके वाहतात. लहान ट्रेलरास एक अ‍ॅक्सल, म्हणजे एक आस, पुरतो. मध्यम व मोठ्या ट्रेलरांस बहुधा दोन आस असतात. आणि काही अवजड ट्रेलरांस तीन. दोन आस पुरेत की तिसरा घालावा, हा प्रश्न उत्पादक आणि ग्राहक या दोघांपुढेही उभा राहतो.

या प्रश्नास सामान्यतः दोन ठोकळ उत्तरे दिली जातात. ट्रेलर लांब असेल तर आस तीन हवेत, हे पहिले. आणि तीन आसांचा ट्रेलर रस्त्यावर अधिक स्थिर चालतो, हे दुसरे. पैकी पहिल्याची कसोटी एका प्रसिद्ध उदाहरणावर घेता येते. एअरस्ट्रीम या जुन्या कंपनीच्या १९८० व १९९० च्या दशकांतील ३४ फुटी ट्रेलरांस तीन आस होते. त्याच कंपनीचा नंतरच्या काळातील ३३ फुटी ‘क्लासिक’ ट्रेलर, ज्याची एकूण भारमर्यादा १०,००० पौंड आहे, तो दोन आसांवर चालतो. लांबीतील एका फुटाचा फरक आसांच्या संख्येतील फरकाचे कारण असू शकत नाही. दुसऱ्या उत्तरात तथ्य किती, हे पाहण्यासाठी स्थितिशास्त्र आणि टायरांचे वर्तन यांचा थोडा हिशेब करावा लागतो. तो केल्यावर असे दिसून येते की, तिसऱ्या आसाचा खरा लाभ टायरांच्या राखीव क्षमतेत आणि एक टायर निकामी झाल्यावरच्या परिस्थितीत आहे. स्थैर्याच्या बाबतीत तो अल्प आहे. आणि त्याची किंमत वळणावर व जोडणीच्या उंचीबाबतच्या दक्षतेत मोजावी लागते.

१. भाराचा हिशेब

प्रथम प्रत्येक टायरावर प्रत्यक्ष किती भार येतो हे पाहिले पाहिजे. उदाहरणादाखल १६,००० पौंड, म्हणजे सुमारे ७,२६० किलोग्रॅम एकूण भाराचा एक ट्रेलर घेऊ. तो पिकअप ट्रकच्या हौद्यातील जोडणीवर टेकणारा असून त्याचा वीस टक्के भार ट्रकवर पडतो असे मानल्यास आसांच्या वाट्यास १२,८०० पौंड उरतात. या देशात आस व टायर यांच्या क्षमता पौंडांतच लिहिल्या जात असल्यामुळे हा हिशेब त्याच एककात करणे सोयीचे आहे.

या ट्रेलरास प्रत्येकी ७,००० पौंडांचे दोन आस बसविले, तर आसांची एकत्रित क्षमता १४,००० पौंड होते आणि ती भारापेक्षा १,२०० पौंडांनी अधिक आहे. चार टायर, प्रत्येकाची क्षमता ३,५२० पौंड, असे धरल्यास प्रत्येक टायरावर ३,२०० पौंड येतात व राखीव क्षमता नऊ टक्के राहते. अमेरिकन संघराज्याच्या नियमानुसार आसावरील टायरांची एकत्रित क्षमता त्या आसाच्या घोषित मर्यादेपेक्षा कमी असता कामा नये; येथे ती अट पुरी होते. कागदावर योजना निर्दोष आहे.

परंतु फिरत्या घराचा भार दोन्ही बाजूंस समान वाटलेला क्वचितच असतो. स्वयंपाकाचा ओटा, शीतकपाट आणि बाहेर सरकणारी खोली एकाच अंगास आली की ते अंग जड होते. समजा, ५५ टक्के भार एका बाजूस आहे. म्हणजे त्या बाजूवर ७,०४० पौंड आणि तेथील प्रत्येक टायरावर ३,५२० पौंड. टायराची राखीव क्षमता शून्यावर आली. आणि आसांचे एकत्रित वजन करणाऱ्या काट्यावर यातील काहीच दिसले नाही. हवेचा दाब थोडा कमी असला, की टायराची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, रबरात उष्णता साठते आणि आतील थर एकमेकांपासून सुटू लागतात. टायर फुटण्याची ही सर्वपरिचित वाट आहे. ट्रेलरसाठी खास बनविलेल्या टायरांवर वेगळी खूण नसल्यास त्यांची वेगमर्यादा पूर्वापार ताशी ६५ मैल धरली जाते. हा वेग मोठ्या हमरस्त्यांवर सहज ओलांडला जातो, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

आता तिसरा आस घाला. चाके, टायर, ब्रेक व पाटे यांसह त्याचे वजन २०० किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ४४० पौंड धरल्यास आसांवरील एकूण भार १३,२४० पौंड होतो. त्याच ५५ टक्क्यांच्या वाटणीने जड बाजूच्या तीन टायरांपैकी प्रत्येकावर सुमारे २,४२७ पौंड येतात. राखीव क्षमता ३१ टक्के झाली.

तथापि, ही राखीव क्षमता मिळविण्याचा तिसरा आस हा एकमेव मार्ग नाही. दोनच आस ठेवून ते प्रत्येकी ८,००० पौंडांचे घेतले आणि त्यांवर साडेसतरा इंची रिमचे, ४,८०५ पौंड क्षमतेचे टायर चढविले, तर त्याच जड बाजूवर प्रत्येक टायरास सुमारे २७ टक्के राखीव क्षमता मिळते. म्हणून खरी तुलना हलके दोन आस व तीन आस यांच्यात नसून भारी दोन आस व तीन आस यांच्यात आहे. प्रचलित चर्चेत ही तुलना फारशी होत नाही, आणि त्यामुळे तिसऱ्या आसास न मिळवलेले श्रेयही मिळते.

२. समभारक आणि पाटे

बहुसंख्य ट्रेलरांत आस पोलादी पाट्यांवर टांगलेले असतात. दोन आसांच्या रचनेत पुढच्या पाट्याचे पुढचे टोक व मागच्या पाट्याचे मागचे टोक सांगाड्यास बांधलेले असते. आणि दोन्ही पाट्यांची आतली टोके मध्यभागी एका डोलत्या तुकड्यास जोडलेली असतात. या तुकड्यास येथे समभारक म्हटले आहे. तो तराजूच्या दांडीसारखा आपल्या मधल्या खिळीवर झुलतो. त्याच्या दोन्ही भुजा सारख्या असल्यामुळे दोन्ही टोकांवरील बल सारखे राहते. पाट्याच्या मध्यावर आस असल्याने पाट्याच्या दोन टोकांवरील बलेही सारखी असतात. परिणामी दोन्ही आसांवरील भार समान होतो. तीन आसांच्या रचनेत असे दोन समभारक असतात आणि मधल्या पाट्याची दोन्ही टोके समभारकांवर विसावतात. पहिला समभारक पहिल्या व दुसऱ्या आसांस समान करतो, दुसरा समभारक दुसऱ्या व तिसऱ्या आसांस. म्हणून तिन्हीवरील भार समान होतो.

यातून एक उपयुक्त निष्कर्ष निघतो. पाटे न वाकता केवळ समभारक झुलले असे धरल्यास सांगाड्याची उंची सर्व आसांच्या उंचीच्या सरासरीइतकी राहते. एका आसाची चाके नऊ सेंटिमीटर उंचवट्यावर चढली, तर दोन आसांच्या ट्रेलरचा सांगाडा साडेचार सेंटिमीटर उचलला जातो आणि तीन आसांच्या ट्रेलरचा तीन सेंटिमीटर. तीन आसांच्या ट्रेलरमधील सामान कमी हिंदकळते असा जो अनुभव सांगितला जातो, त्याचे मूळ येथे आहे.

परंतु समभारकाची झुलण्याची मर्यादा ठरलेली असते. याच उदाहरणात, पुढचा आस उंचवट्यावर असता, दोन आसांच्या रचनेत समभारकाच्या टोकास आपल्या खिळीच्या संदर्भात नऊ सेंटिमीटर हलावे लागते, तर तीन आसांच्या रचनेत पुढच्या समभारकाच्या टोकास बारा.  समभारक आपल्या मर्यादेस टेकला, खिळीची बुशे झिजली किंवा शॅकल गंजून अडकले, की भारसमानता तेथेच संपते. तीन आसांच्या रचनेत समभारक दुप्पट आणि प्रत्येकाचे काम अधिक, म्हणून देखभालीकडे दुर्लक्ष केल्यास तिचा गुण लवकर लोपतो.

३. रबरी पिळाचे आस

दुसऱ्या प्रकारच्या रचनेत पाटे व समभारक दोन्ही नसतात. चौकोनी पोलादी नळीच्या आत रबराच्या कांड्या दाबून बसविलेल्या असतात; चाकाची भुजा वर गेली की आतला दांडा फिरतो, रबर दबते आणि प्रतिकार उत्पन्न होतो. एअरस्ट्रीमने १९६० च्या दशकापासून हीच पद्धत स्वीकारली. तिच्यात सांधे कमी, आवाज कमी आणि प्रत्येक चाक स्वतंत्रपणे हलते. मात्र शेजारच्या चाकाशी भार वाटून घेण्याची कोणतीही यंत्रणा तिच्यात नाही. कोणत्या आसावर किती भार येईल, हे सांगाडा जमिनीशी किती समांतर आहे यावरच अवलंबून राहते.

ही गोष्ट एका हिशेबाने स्पष्ट होईल. दोन शेजारच्या आसांतील अंतर ९० सेंटिमीटर, जोडणीपासून आसांच्या मध्यापर्यंतचे अंतर सहा मीटर आणि सामान्य भाराखाली रबरी आस ७५ मिलिमीटर दबतो असे धरू. ओढणाऱ्या वाहनावरील जोडणी योग्य उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर वर बसली, तर सांगाड्यास साठास एक असा उतार येतो. दोन आसांच्या ट्रेलरमध्ये प्रत्येक आस मध्यापासून ४५ सेंटिमीटर दूर आहे. म्हणून मागचा आस साडेसात मिलिमीटर अधिक दबतो आणि पुढचा तेवढाच कमी. भारातील फरक दहा टक्के. तीन आसांच्या ट्रेलरमध्ये टोकाचे आस मध्यापासून ९० सेंटिमीटर दूर असल्याने फरक पंधरा मिलिमीटरांचा, म्हणजेच वीस टक्क्यांचा होतो. मधल्या आसावर परिणाम होत नाही.

तात्पर्य, रबरी पिळाच्या आसांच्या बाबतीत तिसरा आस घालून मिळविलेली राखीव क्षमता जोडणीच्या उंचीतील चुकीने अंशतः परत जाऊ शकते. समभारक असलेल्या ट्रेलरास ही चूक तितकीशी जाणवत नाही. तेथे त्याच उताराने समभारकाचे टोक दोन आसांच्या रचनेत पंधरा व तीन आसांच्या रचनेत तीस मिलिमीटर सरकते आणि भार समान राहतो. अर्थात, त्या सरकण्याने समभारकाची शिल्लक झूल तेवढी खर्ची पडते. कोणत्याही पद्धतीत जोडणीची उंची मोजून बसविणे तीन आसांच्या ट्रेलरास अधिक अगत्याचे आहे.

४. वळणावरील फरफट

ट्रेलरचे आस वळणावर वळत नाहीत. ते सांगाड्यास काटकोनात जखडलेले असतात. एकाच आसाचा ट्रेलर त्या आसाच्या रेषेवरील केंद्राभोवती सहज फिरतो. आस दोन वा तीन असले, म्हणजे सर्वांचे केंद्र एक होऊ शकत नाही. ट्रेलर आसांच्या समूहाच्या मध्यातून जाणाऱ्या रेषेवरील केंद्राभोवती फिरतो व इतर आसांवरील टायर थोडे आडवे फरफटत जातात. टायराचे तोंड ज्या दिशेस आहे आणि तो प्रत्यक्षात ज्या दिशेने जातो, या दोहोंमधील कोनास येथे घसरकोन म्हटले आहे. मध्यापासूनच्या अंतरास वळणाच्या त्रिज्येने भागले की घसरकोन मिळतो.

मुक्कामाच्या जागी ट्रेलर वळविताना पाच मीटरांची त्रिज्या आली, तर वर घेतलेल्या मापांनुसार दोन आसांच्या ट्रेलरमध्ये टायरांचा घसरकोन सुमारे पाच अंश आणि तीन आसांच्या ट्रेलरमध्ये टोकाच्या टायरांचा सुमारे दहा अंश येतो. मधल्या आसाचा घसरकोन शून्य असल्याने तो या ओढाताणीत भाग घेत नाही. पुढच्या आसाचे टायर एका दिशेस व मागच्या आसाचे विरुद्ध दिशेस रेटले जातात, आणि त्यातून ट्रेलरच्या वळण्यास विरोध करणारे परिबल निर्माण होते.

हे परिबल किती वाढते, याविषयी काळजीपूर्वक बोलले पाहिजे. मोठ्या त्रिज्येच्या सौम्य वळणावर टायराचे आडवे बल घसरकोनाच्या प्रमाणात असते. एकूण भार तोच ठेवून तो दोनाऐवजी तीन आसांवर वाटला आणि प्रत्येक टायराची आडवी दृढता भाराच्या प्रमाणात धरली, तर तीन आसांचे परिबल दोन आसांच्या परिबलाच्या दोन पूर्णांक दोन-तृतीयांश पट भरते. परंतु तंग वळणावर घसरकोन मोठा झाला की टायराचे बल घर्षणाच्या मर्यादेस पोचते आणि त्यापुढे वाढत नाही. त्या स्थितीत दोन्ही परिबलांचे गुणोत्तर तीनास चार एवढेच राहते. शिवाय त्या वेळी प्रत्येक आसावरील आडवे बल तीन आसांच्या ट्रेलरमध्ये कमी असते, कारण प्रत्येक आसावरील भारच कमी आहे. सबब, तिसऱ्या आसामुळे पाट्यांचे आधार लगेच वाकतील ही भीती अतिशयोक्त आहे. मात्र टोकाचे टायर मर्यादेच्या घसरकोनापर्यंत अधिक वेळा व अधिक लवकर पोचतात. डांबरी पृष्ठभागावर त्यांची नक्षी लवकर झिजते, आणि घट्ट वळणे वारंवार घेणाऱ्या मालकास टोकाचे टायर मधल्या टायरांपेक्षा आधी बदलावे लागण्याचा संभव असतो.

५. डोलणे आणि स्थैर्य

वेगात चालणारा ट्रेलर जोडणीभोवती डावीकडे-उजवीकडे झोके घेऊ लागणे हा ओढणाऱ्या वाहनाच्या चालकापुढील सर्वांत गंभीर प्रसंग होय. झोके वाढत गेले तर दोन्ही वाहने उलटू शकतात. वळणास विरोध करणारे जे परिबल मुक्कामाच्या जागी त्रासदायक ठरते, तेच येथे झोके रोखील, असा युक्तिवाद तीन आसांच्या बाजूने केला जातो. युक्तिवादाची दिशा बरोबर आहे. त्यातील परिमाण मात्र तपासले पाहिजे.

ट्रेलर जोडणीभोवती झुलू लागला की प्रत्येक टायर त्यास विरोध करतो, आणि हे अवमंदन त्या टायराच्या जोडणीपासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सहा मीटरांचा वर्ग ३६. आस दोन असल्यास त्यांच्या फैलावामुळे त्यात सरासरी सुमारे ०.२० ची भर पडते, आणि तीन असल्यास ०.५४ ची. म्हणजे ३६.२० च्या जागी ३६.५४: वाढ सुमारे एक टक्का. ती नगण्य होय. तीन आसांचा फैलाव स्वतःच्या बळावर डोलणे थांबवितो, हे म्हणणे या हिशेबात टिकत नाही.

तथापि, तिसऱ्या आसाचा एक अप्रत्यक्ष लाभ आहे. टायराची आडवी दृढता भाराबरोबर वाढते, परंतु भाराच्या प्रमाणात नव्हे. जसजसा भार क्षमतेजवळ येतो तसतशी तिची वाढ मंदावते. म्हणून तोच भार चार टायरांऐवजी सहांवर वाटला तर सर्व टायरांची मिळून दृढता अधिक होते. हा लाभ टायरांच्या संख्येतून येतो व तो खरा आहे. पण अधिक दृढ असे भारी टायर दोन आसांवर चढवूनही त्यातील बराचसा भाग हस्तगत करता येतो. डोलण्यावर त्याहून मोठा प्रभाव असतो तो ट्रेलरच्या भाराच्या मांडणीचा: जोडणीवर पुरेसा भार पडतो की नाही, जड वस्तू टोकांस आहेत की आसांजवळ, आणि वेग किती आहे. मागच्या टोकास पाण्याची टाकी भरून ठेवलेल्या ट्रेलरास तिसरा आस वाचवू शकणार नाही.

६. एक टायर निकामी झाल्यास

भारी दोन आस आणि तीन आस यांच्यात निर्णायक फरक येथे पडतो. पूर्वीच्या उदाहरणातील जड बाजूचा एक टायर फुटला आणि त्याचा सर्व भार शेजाऱ्यांवर गेला, अशी अत्यंत प्रतिकूल स्थिती कल्पू. हलक्या दोन आसांच्या ट्रेलरमध्ये उरलेल्या एकमेव टायरावर ७,०४० पौंड येतात, म्हणजे क्षमतेच्या दुप्पट. भारी दोन आसांच्या ट्रेलरमध्येही तेवढाच भार ४,८०५ पौंडांच्या टायरावर येतो; हे क्षमतेच्या जवळजवळ दीडपट झाले. तीन आसांच्या ट्रेलरमध्ये मात्र उरलेल्या दोन टायरांवर प्रत्येकी सुमारे ३,६४१ पौंड पडतात, आणि हे क्षमतेपेक्षा जेमतेम साडेतीन टक्के अधिक आहे. रस्त्याच्या कडेस सुरक्षित थांबण्यापुरता हा भार टायर सोसू शकतात. दोन आसांच्या ट्रेलरमध्ये एक टायर फुटल्यावर थोड्याच अंतरात त्याच बाजूचा दुसराही जाण्याचा जो धोका असतो, तो येथे पुष्कळ कमी होतो.

प्रत्यक्षात समभारकाची रचना हे चित्र थोडे बदलते. फुटलेल्या टायराचा आस खाली जाऊ लागला की समभारक त्यास खाली रेटतच राहतो. रिम रस्त्यावर टेकते व काही भार वाहत राहते. समभारक मर्यादेस टेकल्यावर उरलेला भार शेजाऱ्यांकडे जातो. रबरी पिळाच्या आसात भुजा खाली झुकताना तिचे बल झपाट्याने घटते आणि शेजाऱ्यांस अधिक भार घ्यावा लागतो.

या लाभासोबत एक धोकाही संभवतो. तीन आसांच्या ट्रेलरमध्ये टायर फुटल्याचा धक्का इतका सौम्य असू शकतो की दमदार ट्रकच्या चालकास तो जाणवतच नाही. फाटलेल्या टायराच्या पट्ट्या मग सांगाड्याखालील विजेच्या तारा व पाण्याचे नळ झोडपत राहतात. टायरांतील दाब चालकापुढे दाखविणारी उपकरणे तीन आसांच्या ट्रेलरास म्हणूनच विशेष आवश्यक ठरतात.

ब्रेकांच्या बाबतीतही अशीच दुहेरी गोष्ट आहे. आणीबाणीत थांबण्याचे किमान अंतर टायर व रस्ता यांच्या घर्षणावर अवलंबून असते. आस वाढल्याने ते स्वतः कमी होत नाही. घाट उतरताना मात्र उष्णतेचा प्रश्न येतो. ७,२६० किलोग्रॅमचा ट्रेलर ३०० मीटर खाली आला की सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरली पाहिजे. ती सर्व ट्रेलरच्याच ब्रेकांनी घेतली असे धरल्यास चार ड्रमांपैकी प्रत्येकावर सुमारे ५.३ मेगाज्यूल येतात. सहा ड्रम असल्यास, तिसऱ्या आसाचे वजन जमेस धरूनही, सुमारे ३.७. ब्रेक तापून निष्प्रभ होण्याचा संभव यामुळे कमी होतो. भारी दोन आसांवर डिस्क-ब्रेक बसविणे हा त्यास पर्याय आहे. तीन आसांवर सहा ब्रेकांची जुळवणी मात्र सारखी ठेवावी लागते.

७. खर्च आणि नियम

तिसऱ्या आसाबरोबर दोन टायर, दोन ब्रेक, चार बेअरिंगे आणि एक समभारक यांची भर पडते. फिरते घर वर्षाकाठी थोडेच चालत असल्याने त्याचे टायर बहुधा नक्षी झिजून बाद होत नाहीत. वयाने बाद होतात. म्हणून थोडा प्रवास करणाऱ्या मालकासही ठरावीक वर्षांनी चाराऐवजी सहा टायरांचा खर्च येतो. अमेरिकेतील अनेक पथकर-मार्गांवर कराची आकारणी आसांच्या संख्येनुसार होत असल्याने प्रत्येक नाक्यावर तिसऱ्या आसाचे मोल वेगळे द्यावे लागते. त्याचे २०० किलोग्रॅम वजन ओढणाऱ्या वाहनाच्या क्षमतेतून वजा होते, हा खर्च बिलावर दिसत नाही, पण तोही खराच.

युरोपातील परिस्थिती या प्रश्नावर बाजूने प्रकाश टाकते. तेथे वाहनांच्या वर्गीकरणात ७५० किलोग्रॅमांच्या पुढील हलक्या ट्रेलरांचा वर्ग ३,५०० किलोग्रॅमांवर संपतो आणि ओढावयाची निवासी घरे सामान्यतः याच वर्गात बसविली जातात. जोडणीवरील भार न वगळताही दोन आसांपैकी प्रत्येकावर १,७५० किलोग्रॅम, म्हणजे एका टायरावर ८७५ किलोग्रॅम येतात. साध्या टायरांस हा भार जड नाही. तिसऱ्या आसाची निकड तेथे भासत नाही याचे कारण रस्ते वा अभिरुची यांत शोधण्याची गरज नाही. दर टायरामागील भार पाहिला की ते उलगडते.

८. निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम असा ठरतो. प्रथम, भरलेल्या ट्रेलरच्या प्रत्येक चाकाखालील भार स्वतंत्रपणे तोलावा. आसांच्या वा संपूर्ण ट्रेलरच्या एकत्रित वजनावर विसंबू नये. जड बाजूच्या टायरास भरपूर राखीव क्षमता उरत असेल, तर दोन आस पुरेसे आहेत आणि लांबीकडे पाहून तिसरा घालण्यात अर्थ नाही. ती उरत नसेल, तर भारी दोन आस व तीन आस हे दोन मार्ग समोर ठेवावेत. मुक्कामाच्या जागा अडचणीच्या, वळणे तंग आणि पथकर वारंवार, अशा प्रवासास भारी दोन आस सोयीचे होत. एकूण भार मोठा, अंतरे लांब, घाट दीर्घ आणि मदत दूर, अशा प्रवासास तीन आस. कारण एक टायर गेल्यावरही उरलेल्यांस आपला भार आटोक्यात ठेवता यावा, ही सोय भारी दोन आस देऊ शकत नाहीत. तीन आस निवडल्यास समभारक झुलता राखणे, रबरी पिळाचे आस असल्यास जोडणीची उंची मोजून बसविणे आणि दाबमापक उपकरणे लावणे ही त्या निवडीची अंगेच मानली पाहिजेत.

डोलण्यावरचा उपाय म्हणून तिसऱ्या आसाची निवड करणे मात्र सर्वथा अयोग्य होय. त्यासाठी भाराची मांडणी, जोडणीवरील भार आणि वेग यांकडेच लक्ष दिले पाहिजे. आस कितीही असले, तरी ही तीन कामे ट्रेलर भरणाऱ्याच्या आणि चालकाच्याच हाती राहतात.